मोढेऱ्याचा सूर्य आणि आमची गच्ची

प्रवासाला निघण्यास माणसाला नेहमीं मोठेंच निमित्त लागतें असें नाहीं. कोणी देवदर्शनासाठीं निघतो, कोणी हवापालटासाठीं, कोणी केवळ घरचा कंटाळा आला म्हणून. आम्ही मात्र २०२५ सालच्या फाल्गुनांत गुजराथेंत गेलों तें विजेच्या बिलासाठीं, असें सांगितलें तर वाचकांस हंसूं येईल. पण गोष्ट खरी आहे. आणि त्या प्रवासांत जें पाहिलें व जें ऐकलें तें आमच्यासारख्या एकत्र राहणाऱ्या कुटुंबांच्या उपयोगी पडेल असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहें.

आमचें घर सातारचें. वर-खालीं मिळून नऊ खोल्या, मागें परस, वर प्रशस्त गच्ची, आणि पंक्तीला रोज नऊ पानें. आई ब्यायशी वर्षांची. तिच्या छायेखालीं दादा व वहिनी, आम्ही उभयतां, आमचीं दोन मुलें, वडिलांची विधवा बहीण म्हणजे आमची आत्या, आणि कॉलेजसाठीं राहिलेला एक भाचा. दादांचे दोन्ही मुलगे शिकून बाहेर पडले. थोरला पुण्यास असतो, धाकटा जर्मनींत. वडिलांनीं १९७४ सालीं कर्ज काढून हें घर बांधलें, आणि तें कर्ज फिटेपर्यंत घरांत दुसरा पंखा आला नाहीं, ही कथा आम्हां सर्वांस तोंडपाठ आहे.

आतां घरांत पंखे अकरा आहेत. त्यांशिवाय पाणी चढविणारा पंप, कपडे धुण्याचें यंत्र, मिक्सर, दोन फ्रीज, आणि आईच्या दम्यासाठीं घेतलेलें वातानुकूलनाचें यंत्र. २०२४ च्या वैशाखांत चारशेंहून अधिक युनिटांचें बिल आलें. रक्कम पांच हजारांच्या वर. विजेचा दर टप्प्याटप्प्यानें चढतो. पहिलीं शंभर युनिटें स्वस्त, पुढचीं महाग, आणि तीनशेंच्या पलीकडचीं त्याहून महाग. त्यामुळें चार माणसांच्या चार बिऱ्हाडांस जें बिल थोडथोडें येतें, तेंच एका छपराखालच्या एकत्र कुटुंबास एकदम अंगावर येतें. एकत्र राहण्याचा हा एक दंडच म्हणावयाचा!

माझ्या मुलानें तें बिल वाचलें आणि गच्चीवर सोलरचीं पॅनेलें बसविण्याची गोष्ट काढली. केंद्र सरकारनें फेब्रुवारी २०२४ मध्यें ‘पीएम सूर्यघर’ ही योजना जाहीर केली आहे. एक कोटि घरांवर अशीं पॅनेलें बसावींत हा तिचा उद्देश. दोन किलोवॉटपर्यंत दर किलोवॉटामागें ३०,००० रुपये, आणि तीन किलोवॉट किंवा अधिकाला एकूण ७८,००० रुपये सरकार देतें. मुलानें पाटीवर हिशेब मांडावा तसा कागदावर मांडला. तीन किलोवॉटांस खर्च सुमारें दोन लाख. मदत वजा जातां एक लाख बावीस हजार. एक किलोवॉट दिवसाला सरासरीनें चार युनिटें देतो. म्हणजे वर्षाकाठीं चार हजार युनिटांच्या आसपास. बिलांतून वर्षाला तीस-पस्तीस हजार वांचले, तर चार वर्षांत पैसा वसूल. आणि पॅनेलांची हमी मात्र पंचवीस वर्षांची.

मला हिशेब पटला. दादांना पटला नाहीं. “कागदावर सगळींच झाडें फळतात,” असें म्हणून त्यांनीं तो कागद घडी करून पंचांगांत ठेवला. आईनें एवढेंच विचारलें, “वाळवण कोठें घालायचें?” त्या दिवशीं विषय संपला. पुढें वर्षभर तो निघाला कीं दादा उठून जात. त्यांच्यासारखा शांत आणि हिशेबी मनुष्य एवढ्याशा गोष्टीला इतका कां चिडतो, हें मला कळेना.

शेवटीं बडोद्याच्या ताईनें कोंडी फोडली. तिच्या घरावर पॅनेलें बसून दोन वर्षें झालीं होतीं. तिनें फोनवरून दादांनाच सांगितलें, “वाद कशाला घालतां? येऊन पाहा. आणि येथून मोढेऱ्याला जाऊं. सूर्याचें देऊळहि पाहाल आणि सूर्यावर चालणारें गांवहि पाहाल.” देवळाचें नांव निघाल्यावर वहिनींनीं बॅगा काढल्या. आत्या व मुलें आईजवळ राहिलीं, आणि मार्चच्या तिसऱ्या आठवड्यांत दादा, वहिनी, आमची सौ. आणि मी असे चौघे निघालों.

बडोदें मराठी माणसाला परकें वाटत नाहीं. ताईचें घर दांडिया बाजारांत. गायकवाडी अमलांत जीं मराठी कुटुंबें येथें आलीं, त्यांतलीं कित्येक अजून तेथेंच नांदत आहेत. घरांत गुजराथी आणि मराठी अशा सरमिसळ बोलल्या जातात, कीं वरण कोणत्या भाषेंत वाढलें आणि कढी कोणत्या, हें सांगवत नाहीं. घरगुती छपरांवरील सौरविजेंत गुजराथ देशांत आघाडीवर आहे. सकाळीं ताईच्या गच्चीवर चढून चोहोंकडे पाहिलें, तों दर चार-दोन घरांआड एक निळसर काळा पाट दक्षिणेकडे तोंड करून कललेला दिसला.

आमचे मेहुणे निवृत्त अध्यापक; समजावून सांगण्याचा त्यांना भारी नाद. त्यांनीं जें सांगितलें त्याचा मथितार्थ असा: हें पॅनेल सूर्याची उष्णता घेत नाहीं, प्रकाश घेतें. पाणी तापविणारा बंब निराळा आणि हें निराळें. सिलिकॉन नांवाच्या पदार्थावर प्रकाश पडला कीं त्यांतील सूक्ष्म विद्युत्कण सुटे होऊन वाहूं लागतात. हा चमत्कार बेकेरेल या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८३९ सालींच पाहिला होता. पण कामाचा सिलिकॉनचा घट अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९५४ सालीं तयार झाला. पॅनेलांतून निघणारी वीज एकाच दिशेनें वाहणारी असते; ती घरच्या उपकरणांना चालेल अशी करण्याकरितां भिंतीवर इन्व्हर्टर नांवाची पेटी लागते. ऊन फार तापलें कीं पॅनेलाची शक्ति उलट थोडी घटते. म्हणजे वैशाखांतल्या भट्टीपेक्षां स्वच्छ, निवळ हवेचें ऊन त्याला अधिक मानवतें. आणि धूळ बसली तर उत्पन्न उतरतें. म्हणून पंधरवड्यांतून एकदां सकाळीं गार वेळीं पाण्यानें पुसावें.

दुपारीं एक गंमत झाली. आम्ही पानावर बसलों असतां गल्लींतील वीज गेली आणि ताईकडचाहि पंखा बंद पडला. बाहेर ऊन रणरणत होतें, वर पॅनेलें तापत होतीं, आणि खालीं आम्ही घामानें भिजत होतों! दादांचा चेहरा खुलला. “म्हणजे सूर्य डोक्यावर असूनहि अंधारच कीं!” मेहुणे हंसले आणि म्हणाले, “अहो, हें मुद्दाम केलेलें आहे. आमची वीज रस्त्यावरच्या तारांत जाते. तार दुरुस्त करायला मनुष्य खांबावर चढला असेल, आणि आमच्या छपरावरून तारेंत वीज गेली, तर त्या बिचाऱ्याचा प्राण जाईल. म्हणून बाहेरची वीज गेली कीं ही पेटी आपोआप थांबते. ज्याला तेव्हांहि वीज हवी त्यानें बॅटरी घ्यावी. ती महाग पडते.” दादांनीं यावर उत्तर दिलें नाहीं, पण जेवण झाल्यावर त्या पेटीसमोर ते बराच वेळ उभे राहिलेले मीं पाहिले.

दुसऱ्या दिवशीं अहमदाबादेवरून महेसाण्यास गेलों. महेसाणा एके काळीं बडोदें संस्थानच्या कडी प्रांतांत मोडे. १९४९ सालीं संस्थान मुंबई राज्यांत विलीन झालें. मोढेऱ्याजवळच बहुचराजीचें जागृत स्थान आहे, आणि तेथील देऊळ अठराव्या शतकांत मानाजीराव गायकवाडांनीं बांधविलें. महेसाण्यापासून मोढेरा पंचवीस-एक किलोमीटर. रस्ता सपाट, दोहों बाजूंना एरंडीचीं आणि जिऱ्याचीं शेतें, आणि वर आकाश असें मोकळें, कीं आमच्यासारख्या डोंगरांतल्या माणसाला क्षणभर चुकल्याचुकल्यासारखें वाटतें. मोढ ब्राह्मण आणि मोढ वाणी यांचें हें मूळ गांव. महात्मा गांधींचें घराणें मोढ वाण्यांचें.

सूर्याचें देऊळ पुष्पावती नदीच्या कांठीं आहे. सोळंकी वंशांतील पहिल्या भीमदेवाच्या कारकीर्दींत तें उभें राहिलें. गाभाऱ्याच्या मागील भिंतींत विक्रम संवत् १०८३ चा, म्हणजे इसवी सन १०२६-२७ चा, उल्लेख कोरलेला आहे. गझनीच्या महंमुदानें सोमनाथावर घाला घातला तो याच सुमारास. आम्ही सकाळीं दरवाजे उघडतांच आंत शिरलों. प्रथम लागतें तें कुंड. पायऱ्यांवर पायऱ्या अशा रचल्या आहेत कीं पाण्याकडे उतरणारा मनुष्य सरळ न उतरतां नागमोडी उतरतो. आणि त्या पायऱ्यांत ठिकठिकाणीं मिळून एकशें आठ लहान देवळ्या बसविल्या आहेत. कुंडाच्या पश्चिमेस सभामंडप. त्याचे खांब बावन्न, आणि ते वर्षाच्या बावन्न आठवड्यांचे, असें लोक सांगतात. त्याच्यामागें गूढमंडप आणि गाभारा. भिंतींवर आदित्याच्या मूर्ति आहेत. सौ. नें बोट दाखविलें तेव्हां माझ्या ध्यानांत आलें, कीं आपला हा देव पायांत गुडघ्यापर्यंत बूट घालून उभा आहे! प्राचीन काळीं पश्चिमेकडून आलेल्या सूर्योपासकांच्या वेषाची ही खूण आहे असें जाणते सांगतात.

देऊळ पूर्वाभिमुख. विषुवदिनीं, म्हणजे दिवस आणि रात्र सारखीं असतात तेव्हां, उगवत्या सूर्याचे किरण थेट गाभाऱ्यापर्यंत पोंचावेत अशी त्याची मांडणी. आम्ही गेलों ते त्याच सुमारास. कुंडाच्या पाण्यावरून ऊन आलें, सभामंडपाच्या खांबांमधून सरकलें आणि आंतल्या अंधारांत शिरलें. मात्र तें ज्याच्यासाठीं यावयाचें तो तेथें नाहीं. गाभारा रिकामा आहे. मूर्ति केव्हांच नाहींशी झाली, आणि येथें आज पूजाहि होत नाहीं. वहिनींनीं बरोबर आणलेलीं फुलें कोठें ठेवावीं हें त्यांना कळेना. शेवटीं त्यांनीं तीं उंबऱ्यापाशीं ठेवून बाहेरूनच नमस्कार केला.

देवळांतून निघून गांवांत गेलों. ९ ऑक्टोबर २०२२ रोजीं पंतप्रधानांनीं मोढेरा हें चोवीस तास सूर्याच्या विजेवर चालणारें देशांतील पहिलें गांव म्हणून जाहीर केलें. तेराशेंहून अधिक घरांवर एकेका किलोवॉटाचीं पॅनेलें बसविलीं आहेत. शिवाय जवळच्या सुजाणपुरा येथें सुमारें बारा हेक्टर जमिनीवर सहा मेगॅवॉटांचें केंद्र आहे. दिवसां घरांना आणि रस्त्यांना वीज पुरवून जी उरते ती मोठ्या बॅटऱ्यांत सांठवितात, आणि सूर्य मावळल्यावर गांव त्या सांठ्यावर चालतें. सर्व योजनेला ऐशीं कोटींच्या वर खर्च आला. तो केंद्र आणि राज्य सरकारांनीं केला, गांवकऱ्यांवर त्याचा भार नाहीं. हें सांगणें अवश्य आहे, कारण मोढेऱ्याचा हिशेब आपल्या घराला जसाच्या तसा लावतां येत नाहीं. आपल्याला पदरचा पैसा घालावयाचा असतो.

मेहुण्यांच्या ओळखीच्या एका घरीं आम्ही गेलों. घर साधेंच: पुढें ओसरी, आंत माजघर, वर सिमेंटची गच्ची. घरांतल्या बाई तांदळाच्या पिठाचें खीचूं शिजवीत होत्या. आपण तांदळाच्या पापडांसाठीं उकड काढतों तेंच हें. सौ. आणि वहिनी चुलीपाशीं बसल्या त्या पांच मिनिटांत जन्माच्या मैत्रिणी झाल्या. ताई दुभाषी. मग आम्ही सर्व वर गेलों. गच्चीच्या एका बाजूला लोखंडी चौकटीवर तीं पॅनेलें, आणि उरलेल्या जागेंत जुन्या साडीवर पापड वाळत घातलेले. वहिनींनीं माझ्याकडे पाहिलें, मीं दादांकडे पाहिलें. आईच्या प्रश्नाचें उत्तर समोर वाळत होतें.

बिलाविषयीं विचारतां बाई म्हणाल्या, कीं पूर्वीं दोन महिन्यांचें बिल हजाराच्या पुढें जाई. आतां कांहीं वेळां थोडें येतें, कांहीं वेळां कांहींच नाहीं. घरांत वापरून उरलेली वीज तारेंत जाते, आणि मीटरांत ती आपल्या खात्यावर जमा होते. पण माझ्या लक्षांत राहिलें तें त्यांचें पुढचें वाक्य. त्या म्हणाल्या, “पूर्वीं दुपारीं पंखा लावायचा म्हणजे आधीं सासूबाईंच्या तोंडाकडे पाहावें लागे. आतां सासूबाईच सांगतात, लाव गं.” पलीकडे खाटेवर बसलेल्या सासूबाई पदराआड हंसल्या. विजेची काटकसर घरांत सर्वांवर सारखी पडत नाहीं. ती आधीं स्वयंपाकघरांत पडते. हें मीं पूर्वीं कधीं मनांत आणलें नव्हतें, आणि घरीं सौ. उन्हाळ्यांत पोळ्या करतांना पंखा कां लावीत नाहीं, याचें कारण मला त्या परगांवच्या गच्चीवर कळलें.

सर्वच कांहीं गोड होतें असें नाहीं. शेजारच्या छपरावरचीं पॅनेलें धुळीनें करडीं झालेलीं दिसलीं. घरमालकाला विचारलें, तर म्हणाला, वर चढायला शिडी नाहीं, पावसाळ्यांत धुतलीं जातील. मेहुणे त्याच्यावर चिडले. सूर्य फुकट देतो म्हणून कांहीं तो पुसूनहि देत नाहीं!

संध्याकाळीं आम्ही पुन्हां देवळाकडे आलों. दिवे लागणीला तेथें प्रकाशाचा खेळ दाखवितात. त्याला अवकाश होता. दादा कुंडाच्या वरच्या पायरीवर बसले होते. मी जवळ जाऊन बसलों. बऱ्याच वेळानें ते आपण होऊन बोलले.

“तुला वाटतें मी पैशासाठीं नको म्हणतों?”

मी कांहीं बोललों नाहीं.

“हें पाहा. राजानें बांधलेलें, हजार वर्षें टिकलेलें, आणि गाभारा रिकामा. तुझा मुलगा म्हणतो पंचवीस वर्षांची हमी. पंचवीस वर्षांनीं त्या घरांत कोण असणार? माझे दोघे परत येत नाहींत. तुझीं मुलें तरी राहतील का? मीं गेल्या वर्षीं एका बिल्डरला बोलावून घराचा भाव काढला. तुला सांगितलें नाहीं. आईला तर नाहींच नाहीं.”

हें ऐकून मला काय वाटलें तें लिहितां येत नाहीं. राग आला हें खरें. पण वडिलांच्या पश्चात् तीस वर्षें ज्यांनीं घर चालविलें, त्यांनीं तें विकण्याचा विचार एकट्यानें कसा केला असेल आणि किती रात्री तो मनांत बाळगला असेल, हेंहि दिसलें. वर्षभर पॅनेलांवरून जो वाद चालला होता, तो पॅनेलांचा नव्हताच. पंचवीस वर्षें टिकणारी वस्तु छपरावर बसवावयाची, म्हणजे छपराखालचीं माणसें तेवढीं वर्षें राहतील असें म्हणावयाचें. आणि तें म्हणण्याचा धीर दादांना होत नव्हता.

वहिनी मागें उभ्या होत्या हें आम्हां दोघांनाहि ठाऊक नव्हतें. त्या पुढें येऊन अगदीं साध्या आवाजांत म्हणाल्या, “पंचवीस कशाला मोजतां? चार वर्षांत पैसे फिटतात असें कालच ऐकलेंत ना? चार वर्षें तर आपण आहोंत!” दादा तिच्याकडे पाहात राहिले, आणि मग हंसले. त्या हंसण्यांत थोडें पाणी होतें. तेवढ्यांत देवळावर दिवे लागले. ते दिवेहि सूर्याच्याच विजेचे. आमच्यांतील कोणीहि तो खेळ धड पाहिला नाहीं.

घरीं परतल्यावर दादांनीं आईला सर्व सांगितलें; बिल्डरचेंहि सांगितलें. ती दिवसभर कांहीं बोलली नाहीं. रात्रीं जेवणें झाल्यावर म्हणाली, “मी आहें तोंवर घर आहे. पुढें काय करायचें तें तुम्हीं दोघांनीं ठरवा. पण एकमेकांना विचारून ठरवा, परक्याला विचारून नव्हे.” एवढ्यावर तो विषय मिटला. म्हणजे कायमचा मिटला असें मी म्हणत नाहीं. पण आतां तो दोघांचा आहे, एकट्या दादांचा नाहीं.

दुसऱ्या दिवशीं ती दादांच्या खांद्याचा आधार घेऊन गच्चीवर गेली. हातांत खडू. जेथें उभी राही तेथें सांगे: “या कोपऱ्यांत मार्गशीर्षांत साडेनऊपर्यंत शेजारच्या चिंचेची सावली असते. जिन्याच्या खोलीची सावली थंडींत उत्तरेला लांब पडते. वैशाखांत ऐन दुपारीं ती नाहींशी होते, आणि ज्येष्ठांत उलटी, दक्षिणेला येते. पापड उलटतांना हें पन्नास वर्षें पाहिलें आहे.” तिनें खडूनें रेषा ओढल्या. मी भूगोलाच्या पुस्तकांत वाचलें होतें, कीं कर्कवृत्ताच्या दक्षिणेकडील गांवीं वर्षांतून दोनदां मध्यान्हीं सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि आमच्या साताऱ्यास त्यांतला पहिला दिवस मेच्या दुसऱ्या आठवड्यांत असतो. आईनें पुस्तक वाचलें नव्हतें. तिनें सावली वाचली होती.

चार दिवसांनीं पॅनेलें बसविणारे दोन तरुण आले. त्यांनीं मोबाईल फिरवून सावलीचा आराखडा काढला, आणि पुढें काय निघावें? दक्षिणेकडचा भाग, जिन्याच्या खोलीपासून दूर, चिंचेचा कोपरा सोडून; म्हणजे आईची खडूची रेषाच! एकानें विचारलें, “आजी, तुम्हीं आधीं कोणाकडून माप घेतलें होतें का?” ती म्हणाली, “सांडग्यांकडून.” तीन किलोवॉटांस तीनशें चौरस फूट जागा लागली, उत्तरेकडची अर्धी गच्ची मोकळी राहिली. पॅनेलांची सावली थंडींत त्या बाजूला पडते. पण वाळवणाच्या दिवसांत, चैत्र-वैशाखांत, सूर्य माथ्यावर असतो आणि सावली पायाखालींच राहते. म्हणून कुरडयांनाहि ऊन आणि पॅनेलांनाहि ऊन, असा निवाडा झाला. पैसे आम्ही भावांनीं निम्मेनिम्मे घातले.

पावसाळा सरल्यावर, २०२५ च्या कार्तिकांत, पॅनेलें बसलीं. अजिंक्यताऱ्याकडे तोंड करून तीं उभीं आहेत. आतांपर्यंतचा अनुभव सांगतों. स्वच्छ दिवशीं बारा-तेरा युनिटें निघतात. ढगाळ दिवशीं निम्म्याहून कमी. पहिल्या पूर्ण महिन्याचें बिल दोनशेंच्या आसपास आलें. अगदीं शून्य येत नाहीं. मीटर आहे तोंवर स्थिर आकार द्यावाच लागतो, म्हणून ‘शून्य बिल’ या जाहिरातीला भुलूं नये. आमच्याकडील आषाढ-श्रावण कसे जातात तें अजून पाहावयाचें आहे. तेव्हां उत्पन्न घटणार हें धरूनच हिशेब केला पाहिजे. घर बदललें तर चौकट खोलून पॅनेलें दुसरीकडे नेतां येतात, हेंहि ज्यांच्या मनांत दादांसारखी शंका असेल त्यांनीं ध्यानांत ठेवावें. आणि बसविण्यापूर्वीं तीन गोष्टी नीट पाहाव्या: छपराचा मजबूतपणा, वर्षभराची सावली, आणि पुसावयास वर जाण्याची सोय. पैशाचा प्रश्न त्यानंतरचा.

दादा आतां रोज सकाळीं वर जातात. पंधरवड्यांतून एकदां पॅनेलें पुसतात, आणि त्या वेळीं दुसऱ्या कोणाला फडकें देत नाहींत. सायंकाळीं दिवसाचीं युनिटें वहींत मांडतात. थोरला पुतण्या पुण्याहून आला होता, त्यानें ती वही पाहिली आणि म्हणाला, “बाबा, हें सगळें मोबाईलवर दिसतें.” दादा म्हणाले, “दिसूं दे. मी लिहितों तें तुम्हां पोरांसाठीं.”

गेल्या रथसप्तमीस आईनें नेहमीप्रमाणें अंगणांत सूर्याच्या रथाची रांगोळी काढावयाची, तर हट्टानें गच्चीवर काढली. सात घोडे काढतां काढतां तिला दम लागला. शेवटचे दोन वहिनींनीं पूर्ण केले. गोवऱ्यांवर दूध उतूं घातलें तें मात्र अंगणांतच. खालीं स्वयंपाकघरांत सौ. खीर ढवळीत होती, आणि डोक्यावर पंखा फिरत होता. तो लावण्यापूर्वीं तिनें कोणाच्या तोंडाकडे पाहिलें नव्हतें.